होमपेजच्या आधी : शैक्षणिक वेबसाइटची फेररचना

ज्यांच्याकडे एक जुनी शैक्षणिक वेबसाइट आहे आणि ती आता नव्याने उभी करायची आहे, अशांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे. शाळा-महाविद्यालये, विज्ञान शिकवणाऱ्या संस्था, कोशमंडळे, शिक्षकांचे गट, पाठ्यसाहित्य तयार करणारी छोटी केंद्रे या सगळ्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपापले साहित्य इंटरनेटवर ठेवले. तेव्हा ते तिथे ठेवणे हेच मोठे काम होते. आता साहित्य भरपूर झाले आहे, पण ज्याला जे हवे ते त्याला सापडत नाही, आणि संस्थेच्या बैठकीत एक दिवस विषय निघतो : साइट बदलायची.

अशा बैठकांमधली चर्चा कुठून सुरू होते हे मला चांगले ठाऊक आहे. रंग कोणता, बोधचिन्ह केवढे, वर फिरणारी चित्रे किती, पदाधिकाऱ्यांचे फोटो कुठे. मग कुणीतरी महत्त्वाचे बोलते : आपल्याकडे येणारे लोक वेगवेगळे आहेत, त्यांची सोयही वेगवेगळी व्हायला हवी. सगळ्यांना ते पटते आणि होमपेजवर तीन मोठी बटणे येतात. विद्यार्थी, शिक्षक, पालक. मुद्दा खरा असतो. त्यावर काढलेला तोडगा मात्र बहुतेक वेळा चुकतो, आणि तो का चुकतो हे नीट समजून घेण्यासाठीच या पुस्तिकेची निम्मी पाने खर्ची पडली आहेत.

माणूस कोण आहे हे कळले की त्याला काय हवे तेही कळते, असे ही बटणे गृहीत धरतात. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतल्या एखाद्या बाईंचा दिवस डोळ्यांपुढे आणा. उद्या चौथीला अपूर्णांक शिकवायचे आहेत आणि त्याच वेळी शेजारी बसलेल्या तिसरीच्या मुलांना स्वतंत्रपणे करता येईल असे काहीतरी द्यायचे आहे. बाईंना स्वतःसाठी दहा मिनिटांत वाचून होईल असे स्पष्टीकरण हवे आणि मुलांसाठी छापून नेता येईल असा स्वाध्याय हवा. पहिली गोष्ट ‘विद्यार्थी’ कप्प्यात आहे, दुसरी ‘शिक्षक’ कप्प्यात. आता त्याच अपूर्णांकांसाठी रात्री जेवणानंतर मुलीला घेऊन बसलेले वडील पाहा. मुलगी दोन अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आहे. ही चूक मुले का करतात आणि ती कशी सोडवायची याचे सुंदर टिपण साइटवर आहे, पण ते शिक्षकांच्या कप्प्यात, लॉगिनच्या मागे. ‘पालक’ या बटणामागे त्यांना मिळते ते पालकसभेचे वेळापत्रक आणि अभ्यासाला प्रोत्साहन कसे द्यावे यावरचा एक लेख. शिवाय एक मोठा वर्ग या तीन बटणांत बसतच नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली स्टेट बोर्डाची सहावी ते दहावीची पुस्तके नव्याने वाचत असतात. त्यांना भूगोलाच्या त्या धड्यातला नकाशा हवा असतो. लहान मुलांना उद्देशून लिहिलेली वाक्ये त्यांच्या कामाची नसतात.

काही कामे अशी आहेत की तिथे भूमिकेची विभागणी लागतेच. गुणपत्रके, वर्गाची यादी, प्रशिक्षणाची नोंदणी, प्रमाणपत्र या गोष्टी ज्याच्या त्यालाच दिसायला हव्यात, आणि तिथे लॉगिन योग्य आहे. पण अपूर्णांक समजावणाऱ्या मजकुराला ही विभागणी लावण्याचे काही कारण नाही. तो एका पानावर असावा. वर समजावणी, खाली सराव, त्याखाली शिकवणाऱ्यासाठी चार ओळी, आणि छापण्यासाठी वेगळी प्रत. ज्याला जे हवे ते तो उचलेल.

हे केवळ माझे मत राहू नये म्हणून एक मोठे उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात तंत्रविद्यापीठाने एप्रिल २००१ मध्ये जाहीर केले की आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य आपण इंटरनेटवर सर्वांना फुकट देणार. ‘ओपनकोर्सवेअर’ (ओसीडब्ल्यू) हे त्या प्रकल्पाचे नाव. सप्टेंबर २००२ मध्ये पहिले काही अभ्यासक्रम लोकांपुढे आले. जगभरचे प्राध्यापक हे साहित्य घेऊन आपापले अभ्यासक्रम घडवतील, ही सुरुवातीच्या अपेक्षांपैकी एक मोठी अपेक्षा होती. त्यामुळे मांडणीही प्राध्यापकाला सोयीची झाली. अभ्यासक्रमाची रूपरेषा, वाचनाची यादी, व्याख्यानांची टिपणे, गृहपाठाचे प्रश्न. सगळे विभागवार आणि क्रमांकानुसार. एमआयटीत विषय क्रमांकाने ओळखले जातात. १८ म्हणजे गणित, ८ म्हणजे भौतिकशास्त्र, १८.०६ म्हणजे रेषीय बीजगणित. तिथे शिकणाऱ्याला ते तोंडपाठ असते, बाहेरच्याला नाही.

पुढे साइटवर कोण येते याची मोजदाद होऊ लागली, लोकांना विचारणे सुरू झाले, आणि चित्र वेगळेच निघाले. प्राध्यापक थोडे होते. बहुसंख्य होते इतर महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि कुठेही नाव न नोंदवता स्वतःच्या बळावर शिकणारे लोक. या दुसऱ्या गटाची अडचण होमपेजने सुटणारी नव्हती. त्याला प्रश्न मिळत होते, उत्तरे मिळत नव्हती. वाचनाच्या यादीत महागडी पुस्तके होती. टिपणे अशी होती की व्याख्यानाला बसलेल्यालाच ती उलगडावीत. म्हणून जानेवारी २०११ मध्ये ‘ओसीडब्ल्यू स्कॉलर’ या नावाने पहिले पाच अभ्यासक्रम निघाले, एकट्याने शिकणाऱ्यासाठी मुद्दाम बांधलेले. गणिताचे प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांचा रेषीय बीजगणिताचा अभ्यासक्रम त्याच वर्षी या रूपात आला. व्याख्यानांच्या जोडीला संक्षिप्त सारांश, उत्तरांसह सराव, आणि सहायक शिक्षक एकेक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवतात अशी छोटी चित्रफीत, हे सारे एका क्रमात ओवलेले. गणित तेच होते. बदलली होती ती त्याच्याभोवतीची मदत, आणि ती कुणीतरी बसून नव्याने लिहावी लागली.

शिक्षकांनाही त्यांनी सोडले नाही. २०१३ मध्ये ‘ओसीडब्ल्यू एज्युकेटर’ सुरू झाले. प्राध्यापकाने हा विषय वर्गात कसा शिकवला, काय जमले, मूल्यमापन कसे केले, याचे अनुभव त्यात मांडले गेले. आज हे अनुभव अनेक अभ्यासक्रमांच्या पानांवरच वाचायला मिळतात, म्हणजे शिकणाराही ते वाचू शकतो. २०२२ मध्ये सगळी साइट नव्याने बांधली गेली, तेव्हा मोबाइलवर नीट चालणे आणि शोध सुधारणे यांवर भर होता. आणि या सगळ्यांत मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे, जिथे इंटरनेटचा वेग पुरत नव्हता अशा, विशेषतः आफ्रिकेतल्या विद्यापीठांना साइटची संपूर्ण प्रत हार्ड डिस्कवर भरून पाठवली गेली. तिथल्या वापरणाऱ्याची गरज पडद्यावर कितीही बदल केले तरी भागली नसती.

मराठीत याच वळणावर उभे असलेले सर्वांत मोठे काम म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला हे काम उभे राहिले, पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून खंडांतला मजकूर इंटरनेटवर खुला होऊ लागला. या नोंदी अशा वाचकासाठी लिहिल्या होत्या की जो ग्रंथालयात जाईल, जाडजूड खंड काढेल, टेबलाशी बसेल आणि नोंद शेवटपर्यंत वाचेल. खाली संदर्भ, खाली लेखकाचे नाव. त्या शिस्तीबद्दल मला फार आदर आहे. पण फोनवर ‘ज्वालामुखी’ शोधणारी सातवीतली मुलगी नोंदीच्या पहिल्या चार ओळी वाचते आणि तिथेच ठरवते की हे आपल्याला समजेल की नाही. वेगवेगळ्या वाचकांची जाणीव विश्वकोशाला आधीपासून होती. ‘कुमार विश्वकोश’ हा त्याच जाणिवेचा पुरावा आहे, आणि पुढे विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नोंदी अद्ययावत करण्याचे काम झाले तेही महत्त्वाचे. छापील पुस्तकात मुलांसाठी वेगळा ग्रंथ काढणे हाच मार्ग होता. पडद्यावर मात्र एकाच नोंदीला दोन पातळ्या देता येतात. सुरुवातीला कुणालाही कळेल असा परिच्छेद, आणि त्याखाली अभ्यासकाला हवी ती खोली, एक अक्षरही कमी न करता. या पुस्तिकेतले लेखनाविषयीचे प्रकरण याच कामावर आहे. फेररचनेच्या खर्चात असे परिच्छेद लिहिणाऱ्या लेखकाचे मानधन धरलेले नसेल तर ते आधी धरावे.

आता शोधाकडे येतो, कारण मराठी साइटची निम्मी दुखणी इथे आहेत आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत त्यांचा उल्लेखही नसतो.

‘दऱ्या’ हा शब्द घ्या. कुणी तो साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून टाइप करते, तर कुणी खाली टिंब असलेला ऱ वापरते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. साइटवरचा लेख एका पद्धतीने टाइप केलेला असेल आणि शोधणारा दुसऱ्या पद्धतीने टाइप करत असेल, तर उत्तर येते : काही सापडले नाही. ‘ॲसिड’चेही तसेच. पूर्वी अ वर अर्धचंद्र देऊन तो उच्चार लिहीत. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ॲ हे एकसंध अक्षर आले, आणि तेव्हापासून दोन्ही रूपे शेजारीशेजारी नांदत आहेत. हा भेद आपोआप मिटत नाही. मजकूर साठवताना आणि शोधशब्द स्वीकारताना, दोन्ही ठिकाणी ही रूपे एक करून घ्यावी लागतात. काम एखाद्या दिवसाचे आहे, पण ते करायचे असते हे प्रोग्रामरला कुणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणारा मराठी लिहिणारा माणूस असावा लागतो.

पुढे सामान्यरूप. मुलगा ‘पाऊस’ असे शोधतो आणि लेखात सगळीकडे ‘पावसाचे’, ‘पावसाळी’, ‘पावसात’ असते. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या शोधाला ‘पाऊस’ आणि ‘पावसाचे’ यांत नाते दिसत नाही. ऱ्हस्वदीर्घाचे तर विचारूच नका. ‘माहिती’ आणि ‘माहीती’, ‘विज्ञान’ आणि ‘वीज्ञान’. शिकायला आलेल्या मुलाचे लेखन अजून पक्के झालेले नाही म्हणूनच तर तो शिकायला आला आहे. त्याच्या चुकीमुळे त्याच्या तोंडावर पान बंद करणारी साइट शैक्षणिक म्हणवून घेण्याला पात्र नाही, असे मला ठामपणे वाटते.

आणि महाराष्ट्रात एक खास प्रश्न आहे तो सेमी-इंग्रजीचा. एकाच शाळेत एका तुकडीतली मुलगी विज्ञान मराठीतून शिकते आणि तिच्यासाठी ती क्रिया ‘प्रकाशसंश्लेषण’ असते. सेमीतल्या तिच्या भावाला ती ‘फोटोसिंथेसिस’ म्हणून ठाऊक असते. घरी दोघे एकमेकांना शिकवतात. दोघांसाठी दोन साइट काढणे हा उधळेपणा होईल. एकाच पानावर दोन्ही संज्ञा शीर्षकातच ठळकपणे असाव्यात, आणि रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्यालाही ते पान सापडावे. काही जण सुचवतात की पर्यायी शब्द पानाच्या आत, वाचकाला न दिसतील असे ठेवावेत. मला ते मान्य नाही. भावाला बहिणीचा शब्द दिसला पाहिजे.

जुन्या फाँटचा प्रश्न यापेक्षा कष्टाचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर अशा फाँटमध्ये टाइप होत असे की ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. त्या काळच्या पीडीएफ आजही दिसायला सुरेख दिसतात. पण त्यातली ओळ कॉपी केली की भलतीच रोमन अक्षरे उमटतात. शोधयंत्राला तो मजकूर दिसत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनला तो वाचता येत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरांत चुका राहतातच, म्हणून प्रत्येक पान माणसाने तपासावे लागते. माझ्या मते हे काम नव्या रंगरूपाच्या आधी व्हावे. ते पुढे ढकलले की नव्या साइटवरही जुना अंधार तसाच येतो.

वापरणारे वेगळे असतात याचा आणखी एक अर्थ म्हणजे त्यांच्या हातातले साधन वेगळे असते. ग्रामीण भारतातल्या शालेय मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२१ च्या अहवालानुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून ६७.६ टक्क्यांवर गेले होते. मात्र घरी फोन असूनही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो पडत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी परततो, मग दोन-तीन भावंडांत वाटला जातो. जी साइट आधी नाव, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागते, ती या मुलाच्या वाट्याच्या अर्ध्या तासातली पाच मिनिटे खाते. जी फक्त चित्रफितीच देते, ती त्याचा डेटा खाते. ए-फोर आकाराची पीडीएफ छापणाऱ्या शिक्षकासाठी उत्तम, पण फोनवर ती बोटांनी ओढत वाचावी लागते. म्हणून छापण्याची प्रत राहू द्यावी आणि तोच मजकूर साध्या पानावरही असावा.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विचार अनेक संस्था शेवटी करतात, ‘सुगम आवृत्ती’ नावाचे एक वेगळे पान काढून. ते पान वर्षभरात शिळे होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आल्यापासून ही बाब केवळ सदिच्छेची उरलेली नाही. आणि मुख्य साइटच नीट बांधणे अवघडही नाही. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर २००६ पासून विकसित होत आहे आणि तो मराठी वाचू शकतो. पण पान मराठीत आहे हे पानाच्या कोडमध्ये जाहीर केलेले नसेल तर तो इंग्रजी आवाजातच मराठी वाचण्याचा प्रयत्न करण्याची शक्यता असते. ही एका शब्दाची दुरुस्ती आहे. गणिताची सूत्रे चित्र म्हणून चिकटवली असतील तर मात्र काम मोठे आहे, कारण त्या जागी ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही.

होमपेजवरच्या वादांना मी फार महत्त्व देत नाही, त्याचे कारण दीक्षाच्या उदाहरणातून सांगता येईल. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या, शालेय शिक्षणासाठीच्या या राष्ट्रीय ऑनलाइन व्यासपीठाची सर्वांत उपयुक्त कल्पना कागदावर आहे. पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर कोड. बालभारतीच्या पुस्तकांतही तो आला. मूल ज्या पानावर आहे त्याच पानाचे साहित्य उघडते. माध्यम, इयत्ता, विषय, धडा यांतले काहीही निवडावे लागत नाही, कारण पुस्तकाने ते आधीच निवडलेले आहे. होमपेज त्याच्या वाटेत येतच नाही. गूगलवरून येणाऱ्याचे आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातल्या लिंकवरून येणाऱ्याचेही असेच आहे. तेव्हा आतले प्रत्येक पान असे असावे की तिथे थेट उतरलेल्याला आपण कुठे आहोत, हे कोणत्या इयत्तेचे आहे आणि याच्या आधीचे-नंतरचे काय, हे दिसावे.

एवढे सगळे बैठकीत बसून कळणार नाही. सॉफ्टवेअर डिझायनर ॲलन कूपर यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस वापरणाऱ्यांची प्रातिनिधिक शब्दचित्रे रेखाटण्याची पद्धत रूढ केली आणि ती चांगली आहे, मात्र ती शब्दचित्रे खऱ्या माणसांना भेटून उतरलेली हवीत. कार्यालयात बसून रचलेली ‘दहावीतली प्रिया’ नेहमी संस्थेला हवे तेच मागते. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिले होते की पाच जणांबरोबर केलेल्या चाचणीत बहुतेक अडचणी उघड होतात, आणि गट वेगवेगळे असतील तर प्रत्येक गटातून तीन-चार जण घ्यावेत. ही संख्या कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातली आहे. त्यांना साइट आवडली का असे विचारू नये, आपल्याकडची माणसे भिडेपोटी हो म्हणतात. काम द्यावे : “ताई, उद्या सहावीला चुंबकत्व घ्यायचंय असं समजा, हवं ते शोधा.” आणि गप्प बसून पाहावे. हात कुठे थांबतो, कोणता शब्द टाइप होतो, मागे जाण्याचे बटण किती वेळा दाबले जाते. शक्य तर हे त्यांच्या शाळेत, त्यांच्याच फोनवर, तिथल्याच रेंजमध्ये करावे.

शेवटचे प्रकरण जुन्या पत्त्यांवर आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच आग्रहाने सांगितले होते की पानाचे पत्ते बदलू नयेत. शैक्षणिक साइटला हे इतरांहून जास्त लागू आहे. शिक्षकांच्या टाचणवहीत, प्रशिक्षणाच्या हस्तपुस्तिकांत, शोधनिबंधांच्या संदर्भांत आपले पत्ते उतरलेले असतात, आणि छापील पुस्तकातला क्यूआर कोड तर वर्षानुवर्षे एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जात राहतो. नवी साइट सुरू झाल्याच्या दिवशी यांतला प्रत्येक पत्ता नव्या जागी पोहोचला पाहिजे. त्यासाठी जुन्या पानांची यादी कशी काढायची, कोणती पाने खरोखर वाचली जातात हे कसे पाहायचे आणि एकेका पत्त्याची जोडणी कशी करायची, हे तिथे पायरीपायरीने दिले आहे. ते प्रकरण पुस्तकात शेवटी आले असले, तरी फेररचना हाती घेणाऱ्यांनी ते कंत्राट देण्याच्या आधी वाचावे अशी माझी विनंती आहे, कारण ही यादी काढताना आपल्याकडे नेमके कोण आणि कशासाठी येते याचा पहिला खरा अंदाज मिळतो.